तारीख मिळाली, हमी राहिली : अखिल भारतीय फुटबॉल महासंघास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि कार्यकारी समितीचे सर्व सदस्य,
अखिल भारतीय फुटबॉल महासंघ, नवी दिल्ली

कोल्हापूर, जानेवारी २०२६

सप्रेम नमस्कार.

इंडियन सुपर लीग (आयएसएल) १४ फेब्रुवारीपासून सुरू होणार, १४ क्लब खेळणार, ९१ सामने होणार, असं केंद्रीय क्रीडामंत्री मनसुख मांडविया यांनी ६ जानेवारीला जाहीर केलं. आमच्या फुटबॉलवाल्यांच्या ग्रुपवर लगेच अभिनंदनाचे निरोप सुरू झाले. बरं मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू! मग कागद घेऊन हिशेब केला. १४ संघांत ९१ सामने म्हणजे प्रत्येक जोडीची गाठ एकदाच पडणार आणि प्रत्येक संघाच्या वाट्याला १३ सामने येणार. गेल्या हंगामात हाच आकडा २४ होता. आशियाई स्पर्धांत जागा मिळवायची तर क्लबनं हंगामात किमान २४ सामने खेळलेले असावेत, असा आशियाई महासंघाचा दंडक आहे. एरवी सप्टेंबरात सुरू होणारी देशाची सर्वोच्च लीग तुम्ही फेब्रुवारीत आणलीत, जवळजवळ निम्मी करून आणलीत, आणि ती होते आहे याचाच आम्ही आनंद मानायचा आहे. मला तो मानता येत नाही. म्हणून हे पत्र, आणि ते उघड्यावर.

मी एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे. शाळेच्या आधी आणि नंतर मैदानावर पोरांना फुटबॉल शिकवतो. आमच्या कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय, ते दिल्लीत बसून समजणं अवघड आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही आमच्या संघांची नावं, आणि ती सगळी तालमींची नावं आहेत. कुस्तीच्या तालमींनी इथं फुटबॉल आपलासा केला. छत्रपती शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना लागला की त्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकापेक्षा स्कोअर महत्त्वाचा असतो. ईर्षा असते, कधी ती हाताबाहेर जाते आणि पोलिसांना मधे पडावं लागतं, तेही लपवत नाही. पण लोकांना फुटबॉल आवडत नाही म्हणून लीग चालत नाही, हे कारण कृपा करून आम्हाला ऐकवू नका.

याच गावचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. तोवर माझ्याकडे पोरांना घेऊन येणारे आईबाप विचारायचे, "सर, यातनं पोटाला काय मिळणार?" त्यानंतर विचारू लागले, "आयएसएलपर्यंत जायला किती वर्षं लागतात?" गेल्या जुलैपासून पहिला प्रश्न परत आला आहे, आणि माझ्याजवळ उत्तर नाही.

इथवर आपण कसे आलो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तरी वाचणाऱ्यांसाठी सांगतो. डिसेंबर २०१० मध्ये महासंघानं आयएमजी-रिलायन्सशी १५ वर्षांचा करार केला. भारतीय फुटबॉलचे व्यापारी हक्क त्यांच्याकडे गेले, बदल्यात महासंघाला १५ वर्षांत ७०० कोटी रुपये. त्या वेळी अध्यक्ष होते गोंदियाचे प्रफुल्ल पटेल, त्यामुळे सगळं दिल्लीनं केलं म्हणायची सोय आम्हा महाराष्ट्रातल्या लोकांना नाही. त्या करारातून २०१४ मध्ये आयएसएल उभी राहिली. आठ शहरं, नट आणि क्रिकेटपटू मालक. पहिल्या हंगामात पुण्याच्या संघात डेव्हिड त्रेझेगे होता, गोव्याच्या संघात रॉबेर पिरेस आणि प्रशिक्षक म्हणून झिको, मुंबईत निकोला अनेल्का. आम्ही पोरं घेऊन बालेवाडीला गेलो होतो. विश्वविजेत्या संघातला माणूस डोळ्यांसमोर चेंडू अडवताना दिसला, तर तेरा वर्षांच्या पोराच्या अंगात काय संचारतं ते मी पाहिलं आहे. लीगनं नुसतं नुकसान केलं, असं मी म्हणणार नाही. मैदानं सुधारली, फिजिओ आले, आहाराची शिस्त आली, चांगल्या खेळाडूला पैसा मिळू लागला.

पण १५ वर्षांचा करार १५ वर्षांनी संपतो. ८ डिसेंबर २०२५ ही तारीख कुणावर अचानक कोसळली नाही. ती २०१० मध्येच कागदावर होती. असं असताना ११ जुलै २०२५ ला, याच करारावर लीग चालवणाऱ्या एफएसडीएल कंपनीला क्लबांना पत्र लिहून सांगावं लागलं, की करार वाढण्याची खात्री नाही, सबब हंगाम स्थगित. डिसेंबरात हक्क संपणार असतील तर सप्टेंबरात सुरू होणाऱ्या हंगामाचं काय, हा प्रश्न तुमच्यापैकी एकालाही आदल्या वर्षी पडला नसेल?

तुमची बाजू मला माहीत आहे. महासंघाच्या घटनेचा निकाल लागेपर्यंत नवे करार करू नका, असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं. खरं आहे. निकाल १९ सप्टेंबरला आला, तोवर हात बांधलेले होते. पण हा वाद आला कुठून? २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं महासंघाची निवडणूक रद्द ठरवली, तेव्हापासूनचं हे घोंगडं भिजत आहे. मुदत उलटूनही खुर्च्या सुटेनात, म्हणून मे २०२२ मध्ये न्यायालयाला प्रशासक नेमावे लागले. ऑगस्टमध्ये फिफानं आपल्याला काही दिवसांसाठी निलंबित केलं. त्या काही दिवसांत गोकुलम केरळच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचल्या होत्या. न खेळता परत आल्या. त्याच वर्षी २ सप्टेंबरला कल्याण चौबे ३३ विरुद्ध १ मतांनी अध्यक्ष झाले. स्वतः गोलकीपर म्हणून खेळलेला माणूस अध्यक्ष झाला, याचं आम्हाला कौतुक वाटलं होतं. त्यानंतरची तीन वर्षं तरी तुमच्या हातात होती ना?

निकालानंतर तुम्ही निविदा काढलीत. अट अशी, की लीगचे हक्क घेणाऱ्यानं दरवर्षी किमान ३७.५ कोटी रुपये किंवा महसुलाचे ५ टक्के, यातलं जे जास्त असेल ते महासंघाला द्यायचं, तेही १५ वर्षं. ७ नोव्हेंबरला मुदत संपली तेव्हा एकही बोली आलेली नव्हती. आयएसएलचे बहुतेक क्लब वर्षानुवर्षं तोट्यात आहेत, हे फुटबॉल वाचणाऱ्या कुणालाही माहीत असताना ही रक्कम कोणत्या हिशेबानं ठरली, ते एकदा जाहीर करा. मग डिसेंबरात क्लबांनी लीगचे हक्क आपल्यालाच कायमचे द्या म्हटलं आणि तुमच्या सर्वसाधारण सभेनं नकार दिला. तो नकार मला पटतो. देशाची लीग कुणाच्याही सातबाऱ्यावर चढू नये, दहा-बारा उद्योगपतींच्या तर नाहीच. मात्र नकार देताना तुमच्या हातात दुसरी योजना तयार हवी होती. तुम्ही तिथून पुढे समिती नेमली.

आता माझी गाऱ्हाणी. सर्वांत मोठं आधी सांगतो.

या सगळ्या भांडणात खेळाडूचा विचार सर्वांत शेवटी झाला. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीनं पहिल्या संघाचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार बेमुदत थांबवले. ज्या क्लबकडून भारताचा माजी कर्णधार सुनील छेत्री खेळतो, तो हा क्लब. चेन्नईयिननं तोच रस्ता धरला, ओडिशानं करारच स्थगित केले. छेत्री, गुरप्रीत, झिंगन ही नावं सगळ्यांना माहीत आहेत. त्यांनी जानेवारीत व्हिडिओ काढून थेट फिफाला मदतीची हाक दिली. डिसेंबरात एफसी गोवाच्या खेळाडूंनी आशियाई स्पर्धेतल्या सामन्यात शिट्टी वाजल्यावरही काही क्षण जागच्या जागी उभं राहून निषेध नोंदवला. ती बातमी झाली, कारण ती माणसं बातमी होण्याइतकी मोठी आहेत. बातमी न होणाऱ्या एकाबद्दल मी सांगतो.

माझ्याकडे शिकलेला एक मुलगा. नाव सांगत नाही, क्लबचंही नाही, कारण त्याला अजून तिथं परत जायचं आहे. वडील शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला. डाव्या पायाचा बॅक, वेग चांगला, डोकं थंड. राखीव संघातून वर येत त्यानं पहिल्या संघाचा करार मिळवला. घरात पहिल्यांदा कुणाच्या तरी नावावर महिन्याला ठरलेली रक्कम येणार होती. बहिणीचं कॉलेज त्याच हिशेबावर ठरलं. जुलैत त्याला सांगितलं, सराव शिबिर कधी ते कळवतो. ऑगस्टमध्ये सांगितलं, लीगचं कळलं की कळवतो. पगाराचं विचारलं तर तेच वाक्य. करार त्या क्लबशी, म्हणून आमच्या स्थानिक स्पर्धेत तालमीकडून उतरताही येईना. ऑक्टोबरात तो पहाटे मैदानावर दिसला. मला वाटलं फिटनेस टिकवतोय. तो सोळाशे मीटरची वेळ लावत होता, पोलीस भरतीसाठी. मी त्याला थांबवलं नाही. कोणत्या तोंडानं थांबवणार होतो?

मोठा खेळाडू करारभंगाची तक्रार करतो, वकील लावतो, फिफापर्यंत जातो. वीस-बावीस वर्षांच्या पोरानं जायचं कुठं? लीग स्थगित झाल्याच्या दिवशी महासंघानं खेळाडूंसाठी एक साधा दूरध्वनी क्रमांक जरी जाहीर केला असता, "तुमच्या कराराचं असं-असं होईल" असं एक पान जरी दिलं असतं, तर माझं हे पत्र अर्धं झालं असतं.

दुसरं गाऱ्हाणं क्लबांबद्दल. आपल्याकडे क्लब म्हणजे भाड्याच्या गाळ्यातलं दुकान झालं आहे : जमलं तर ठीक, नाही तर शटर ओढून दुसऱ्या गावी. पुण्याची गोष्ट ऐका. पुणे एफसी २००७ मध्ये सुरू झाला आणि आय-लीगमध्ये (तेव्हाची देशाची सर्वोच्च लीग, आता दुसऱ्या स्तराची) नाव कमावून २०१५ नंतर दिसेनासा झाला. भारत एफसी एक हंगाम टिकला. डीएसके शिवाजियन्स दोन. एफसी पुणे सिटी २०१४ पासून आयएसएलमध्ये होता, २०१९ मध्ये तो संपला आणि त्याची जागा घेऊन हैदराबाद एफसी उभा राहिला. त्या हैदराबादनं मार्च २०२२ मध्ये गोव्यात फातोर्ड्याला विजेतेपद पटकावलं. पुढे काय, तर थकलेले पगार, निघून गेलेले खेळाडू, आणि २०२५ मध्ये तीच जागा दिल्लीला गेली, स्पोर्टिंग क्लब दिल्ली या नावानं. गंमत अशी, की दिल्लीचा मूळ संघ २०१९ मध्येच भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झालेला. म्हणजे पुण्याची जागा हैदराबादमार्गे दिल्लीला आणि दिल्लीची भुवनेश्वरला. पुण्याची जर्सी घालून बालेवाडीला येणारा प्रेक्षक आज कुणाच्या बाजूनं ओरडणार?

मुंबईचंही फार वेगळं नाही. २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. मुंबई एफसी २०१७ पर्यंत कूपरेजवर तग धरून होता. आज राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक असलेले खालिद जमील या दोन्ही क्लबांकडून खेळलेले, मुंबई एफसीला वर्षानुवर्षं शिकवलेले. दोन्ही क्लब आज नाहीत. उरलेल्या मुंबई सिटीत २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीवाल्यांचा पैसा आला, त्यांनी दोनदा शील्ड (साखळीत पहिलं येण्याचा मान) आणि दोनदा चषक (बाद फेरीचं विजेतेपद) जिंकला, आणि गेल्या डिसेंबरात, लीगचं भवितव्य कळेना म्हणून, ते सिटी फुटबॉल ग्रुपवाले बाहेर पडले. जगातला सर्वांत मोठा फुटबॉल गुंतवणूकदार देशातून निघून गेला, त्यावर तुमच्याकडून सविस्तर खुलासा अजून वाचायला मिळालेला नाही.

गोव्याबद्दल बोलताना तर जास्त त्रास होतो, कारण आमच्या पिढीनं फुटबॉल धेंपो आणि साळगावकर बघत शिकला. धेंपोनं राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा जिंकलं. एवढं भारतात दुसऱ्या कुणाला त्या काळात जमलं नाही. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिघांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं, कारण महासंघाच्या नव्या आराखड्यात त्यांच्या लीगला दुय्यम जागा होती. धेंपो आठ वर्षांनी खालच्या पायरीवरून जिंकत परत आला, पण त्या आठ वर्षांत गोव्यातल्या किती पोरांनी फुटबॉल सोडून जहाजावरची नोकरी धरली असेल, त्याचा हिशेब कुठल्या आराखड्यात आहे?

जपाननं १९९३ मध्ये जे-लीग सुरू केली तेव्हा दहा क्लब होते, त्यातले बहुतेक कंपन्यांचे कामगार संघ. नव्या लीगनं क्लबांना कंपनीचं नाव बाजूला ठेवून गावाचं नाव घ्यायला लावलं आणि त्या गावाशी नातं जोडणं ही प्रवेशाची अट केली. शंभर वर्षांचं धोरण लिहून काढलं. संकटं त्यांच्यावरही आली. योकोहामा फ्लुगेल्स हा क्लब दुसऱ्यात विलीन करण्यात आला तेव्हा त्याच्या चाहत्यांनी स्वतः योकोहामा एफसी नावाचा नवा क्लब काढला आणि तो तळापासून खेळत वर आला. आज जे-लीगच्या तीन स्तरांत ६० क्लब आहेत. जपान १९९८ मध्ये पहिल्यांदा विश्वचषकात खेळला आणि त्यानंतर एकाही विश्वचषकाला मुकला नाही. आपली राष्ट्रीय लीग १९९६ मध्ये सुरू झाली. तिचा पहिला विजेता, फगवाड्याचा जेसीटी, २०११ मध्ये बंद झाला. आपल्याकडे पैसा कमी होता असं मला वाटत नाही. क्लब कुणाचा, हा प्रश्न आपण कधी विचारलाच नाही.

तिसरं गाऱ्हाणं बढती आणि घसरणीचं. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्वालालंपूरला आशियाई महासंघासमोर आराखडा ठरला : आय-लीगचा विजेता २०२२-२३ पासून प्रवेशशुल्काशिवाय आयएसएलमध्ये, आणि २०२४-२५ पासून बढती-घसरण दोन्ही. वर तीन क्लब आले : पंजाब, मोहम्मेडन, आणि आता इंटर काशी. खाली गेलेला क्लब आजपर्यंत शून्य. तळाच्या संघाला मार्चमध्ये गमवायला काही नसतं, मग तो मार्च बघायला प्रेक्षक का येईल?

आणि इंटर काशी कसा आला, तेही लोकांना कळू दे. गेल्या एप्रिलमध्ये आय-लीगचा करंडक तुम्ही गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सच्या हातात दिलात. मूळ वाद एका सामन्यात अपात्र खेळाडू उतरवल्याचा. तुमच्या शिस्तपालन समितीनं एक निकाल दिला, अपील समितीनं उलटा दिला, प्रकरण स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाकडे गेलं आणि जुलैत लवादानं विजेता इंटर काशी ठरवला. कुणाची बाजू बरोबर, हा माझा मुद्दा नाही. देशाचा दुसऱ्या स्तराचा विजेता कोण, हे ठरायला एप्रिलचा जुलै उजाडावा आणि निकाल लोझानहून यावा, याची मला एक प्रशिक्षक म्हणून लाज वाटते. मी पोरांना सांगतो, पंचांचा निर्णय मान्य करा. पंचांच्या वर तुम्ही आहात.

राष्ट्रीय संघाचं थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांनी पाहिलं आहे. जुलै २०२३ मध्ये आपण जागतिक क्रमवारीत ९९ वे होतो. गेल्या नोव्हेंबरात १४२ वे. १४ ऑक्टोबरला फातोर्ड्यात, आपल्या घरात, सिंगापूरकडून हरून २०२७ च्या आशियाई चषकाचा रस्ता बंद झाला. महिन्याभरानं ढाक्यात बांगलादेशनं हरवलं, जे २००३ नंतर घडलं नव्हतं. महिनोन् महिने लीगचा सामनाच न खेळलेल्या पायांकडून दुसरी काय अपेक्षा होती? आणि गोल करणारा भारतीय खेळाडू कुठं आहे? आयएसएलच्या पहिल्या हंगामात अकरात सहा परदेशी चालत होते, बहुतेक क्लबांनी पुढची जागा त्यांनाच दिली. नंतर संख्या कमी केलीत, पण तोवर एक पिढी विंगेवर आणि बाकावर मोठी झाली. म्हणून तर निवृत्त झालेल्या छेत्रीला चाळिशीत परत बोलवावं लागलं.

याच काळात, गेल्या जुलैत, आपल्या मुलींनी चियांग माईत थायलंडला त्यांच्या घरी २-१ हरवून आशियाई चषकात जागा मिळवली. त्यांच्या वाट्याला पैसा किती येतो आणि सामने किती, ते मी इथं लिहीत बसत नाही. तुमच्या ताळेबंदात असेल.

मागण्या साध्या आहेत आणि मुदतीसकट लिहितो, म्हणजे पुढे घोळ नको.

पुढच्या हंगामाची, म्हणजे २०२६-२७ ची, सुरुवातीची तारीख, सामन्यांची संख्या आणि स्वरूप ३१ मेपूर्वी जाहीर करा, आणि सामने प्रत्येक संघाला किमान २४ द्या. आय-लीग आणि महिलांच्या लीगचं वेळापत्रक त्याच दिवशी जाहीर करा, मागून नको. हे पत्र लिहितो आहे तोवर आय-लीगही सुरू झालेली नाही, आणि तिच्याबद्दल ओरडायला कुणी मोठं नाव नाही.

लीगमध्ये उतरणाऱ्या प्रत्येक क्लबकडून खेळाडू आणि कर्मचाऱ्यांच्या किमान चार महिन्यांच्या पगाराइतकी बँक हमी आधी घ्या. पगार थकला की त्यातून द्या. पगाराच्या तक्रारीचा निकाल ६० दिवसांत लावा. लीग तुमच्या किंवा तुमच्या भागीदाराच्या कारणानं थांबली, तर करारात अडकलेल्या खेळाडूला दुसरीकडे, अगदी जिल्ह्याच्या स्पर्धेतही, खेळायची तात्पुरती परवानगी आपोआप मिळावी. ही शेवटची मागणी तुम्हाला किरकोळ वाटेल. माझ्या त्या मुलासाठी ती सर्वांत मोठी आहे.

२०२६-२७ च्या शेवटी तळाचा किमान एक संघ खाली जाईल, हे नियमपुस्तकात आधी छापा. पैसेवाल्या क्लबानं रडगाणं गायलं तरी ते पान फाडू नका. वाद झाला तर दोन्ही समित्यांचा निकाल हंगाम संपायच्या आत लागेल अशी मुदत घाला.

क्लबला शहर बदलायचं असेल तर त्यानं खालच्या स्तरातून सुरुवात करावी. वरच्या लीगमधली जागा उचलून नेता येणार नाही, एवढा एक नियम असता तर पुण्याला चार क्लब नव्हे, एक क्लब पुरला असता.

नवा व्यापारी भागीदार कोणीही येवो, कराराचा संपूर्ण मसुदा सहीपूर्वी तुमच्या संकेतस्थळावर ठेवा. मुदत दहा वर्षांपेक्षा जास्त नको. दर तीन वर्षांनी आढावा, आणि मुदत संपायच्या दोन वर्षं आधी पुढच्या कराराची बोलणी सुरू करणं महासंघावर बंधनकारक असावं. नव्या घटनेनं माजी नामवंत खेळाडूंना सर्वसाधारण सभेत जागा दिली आहे, ते चांगलं झालं. लीग चालवणाऱ्या मंडळात सध्या खेळत असलेल्या दोन खेळाडूंनाही मतासह बसवा, त्यातला एक तरी कमी पगाराचा असावा. तशीच एक जागा चाहत्यांच्या गटांना द्या.

आणि लीगच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा जिल्हा संघटनांना द्या, मात्र खर्चाचा हिशेब मागून. आमच्या कोल्हापुराला फुकट काही नको. मैदानाची डागडुजी, पंचांचं प्रशिक्षण, चौदा वर्षांखालच्या मुलामुलींची लीग, एवढ्याचे पैसे द्या आणि वर्षाला येऊन तपासा.

याच मजकुराची छापील प्रत आम्ही काही प्रशिक्षक सह्या करून रजिस्टर पोस्टानं पाठवत आहोत, एक प्रत राज्य संघटनेला आणि एक क्रीडा मंत्रालयाला. उत्तर मला व्यक्तिशः नको. मुद्देवार, "होय", "नाही" किंवा "अमुक तारखेपर्यंत" अशा शब्दांत ते मार्चअखेर महासंघाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करा. "योग्य ती कार्यवाही सुरू आहे" हे उत्तर आम्ही धरणार नाही. एप्रिलमध्ये शाळांच्या परीक्षा झाल्या की उन्हाळी शिबिराची नोंदणी सुरू होते आणि पालक रांगेत उभे राहून तोच प्रश्न विचारतात. त्या टेबलावर तुमचं उत्तर, जसं येईल तसं, छापून ठेवणार आहे. आलं नाही तर तेही लिहून ठेवीन.

कळावे,

आपला,
एक फुटबॉल प्रशिक्षक, कोल्हापूर